घरचा नंबर

"मावशी, तुमी भावनिक होऊन राहिल्या!" भोयर साहेब म्हणाले.

"मी? मी तं मार्क देऊन राहिली!"

"दहापैकी दहा? ज्यानं प्रेझेंटेशनच केलं नाही त्याले?"

"हव. आन् ज्यानं चाळीस स्लाइड दाखवल्या त्याले शून्य. लिहा."

शर्मा सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अम्माजी, ऐसे नहीं होता. प्रोसीजर होता है."

पाऊण तास हेच चाललं होतं. ते कुठवर आलं ते सांगेनच, पण आधीचं ऐका. किस्से घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे असतात. एका पिशवीत दुसरी, दुसरीत तिसरी. फेकवत नाहीत आणि एक ओढली की सगळ्या बाहेर येतात. या निवडीच्या दोन महिन्यांत माझ्याकडे ते तसेच साठले.

काम होतं कन्सल्टंट निवडायचं. छत्तीसगडच्या पोरापोरींना परदेशी जहाजांवरच्या नोकरीसाठी तयार करायचं, असा एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प रायपुरात आला. त्यांना काय शिकवायचं, कसं शिकवायचं, हे ठरवून देणारा माणूस हवा होता. निवड करणारे आम्ही तिघं. अध्यक्ष भोयर साहेब (पहिल्या बॅचचे फॉर्म त्यांच्याच ऑफिसात भरलेले), कॉलेजातले शर्मा सर, आणि 'कुटुंब प्रतिनिधी' म्हणून मी.

*

रायपुरातल्या भनपुरीत माझ्या गल्लीत ही बातमी पोहोचली तेव्हा लोक पोट धरून हसले. आमच्याकडे दिवसरात्र ट्रक. पाणी म्हटलं तर नळाचं, तेही एक वेळ.

शेजारची वंदना म्हणाली, "मावशी, जहाज भनपुरीत आणान कसं?"

"ट्रकवर!" मी म्हटलं.

ती हसली. मग तिला मिलिंद आठवला असावा. उगाचच मला वाटीभर भाजी देऊन गेली.

*

मिलिंद माझा मुलगा. जहाजाच्या इंजिन रूममध्ये ऑइलर, म्हणजे यंत्रांना तेलपाणी करणारा होता. पोट्टा भारी जपणारा. जहाजावर चढताना फॉर्म भरावा लागतो, त्यात एक रकाना असतो: काही झालं तर घरी कोणाला कळवायचं. त्यात त्यानं नोकरी लावून देणाऱ्या एजंटचा नंबर लिहिला. स्वतःच्या हातानं. का? तर फोन इंग्रजीत येईल, आईला समजणार नाही, आई घाबरेल!

फोन आला. एजंटच्या जुन्या नंबरावर आला. एजंटानं तोवर दुकान बंद करून नंबर बदलला होता.

अकरा दिवस मला काही माहीत नव्हतं. अकरा दिवस मी रोज मेसेज टाकत होते, "जेवला का?" एकच टिक यायची. मी म्हणायची, समुद्रात रेंज नसते.

बाराव्या दिवशी त्याच्यासोबतच्या एका खलाशाला मिलिंदच्या वहीत 'आई' असं लिहिलेला नंबर सापडला. तो बंगाली पोरगा. त्याला माझी भाषा येईना, मला त्याची. तो नुसता रडत राहिला. मला सगळं समजलं.

माझी शाळा चौथीपर्यंतची. नंतर जहाज कंपनीचे कागद आले ते इंग्रजीत. लोक म्हणाले, कोणाकडून वाचून घ्या. मी डिक्शनरी आणली. पहिला शब्द शोधला तो 'डिसीज्ड', म्हणजे मयत. तेव्हापासून माझे कागद मी दुसऱ्याला वाचू देत नाही.

*

पहिली आली ती मोठी फर्म. तीन जण, तिघांचे कोट सारखे. खिडकीबाहेर तेलीबांध्याच्या तलावात लोक बोटीत बसून फोटो काढत होते आणि आत पडद्यावर चाळीस स्लाइड. सिम्युलेटर, सर्टिफिकेट, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट. शर्मा सर तर इतके खूश की मान हलवून हलवून थकले.

शेवटी कोटवाले म्हणाले, काही प्रश्न?

मी म्हटलं, "पोरगं जहाजावर मेलं, तं घरी फोन कोण करते? कोणत्या भाषेत?"

कोटवाल्यांतला मोठा गोड हसून म्हणाला, "मॅडम, ते आमच्या स्कोपमध्ये येत नाही."

"माह्या पोराच्याबी स्कोपमध्ये नव्हतं ते," मी म्हटलं.

भोयर साहेबांनी लगेच चहा मागवला.

*

दुसरा कन्सल्टंट ऑनलाइन होता. दूर कुठल्या देशात बसलेला, मागं निळा समुद्र. तो खरा होता की चित्र, देव जाणे. मी माझा प्रश्न विचारला. त्यानं चुटकीसरशी उत्तर दिलं, "आमची चोवीस तासांची हेल्पलाइन आहे!"

"नंबर सांगा."

त्यानं सांगितला. मी तिथंच लावला, स्पीकरवर. एक बाई बोलली. यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. मग बाजा वाजायला लागला. मधून मधून तीच बाई यायची आणि सांगायची की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आमचा चहा संपला. पडद्यावरचा माणूस घाम पुसू लागला.

भोयर साहेब हळूच म्हणाले, "मावशी, ठेवा आता."

"ठेवू कशी? माहा कॉल महत्त्वाचा हाय, बाई सांगून राहिली ना!"

तेव्हा सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर मात्र मला जेवण गेलं नाही.

*

तिसरे हसनभाई. कोकणातले. चाळीस वर्षं जहाजावर, सारंग म्हणून उतरले. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. लॅपटॉप नाही, कोट नाही. दोन गाड्या बदलून आलेले, हातात कापडी पिशवी.

शर्मा सर म्हणाले, "आपके पास बीस मिनट हैं. प्रेझेंटेशन?"

हसनभाई म्हणाले, "पहिल्या बॅचचे फॉर्म दाखवा."

बावीस फॉर्म होते. त्यांनी दुसरं काहीच वाचलं नाही, घरच्या नंबरचा रकाना तेवढा पाहिला आणि दोन गठ्ठे केले. एक आठाचा, एक चौदाचा.

"हे आठ घरचे नंबर. हे चौदा एकाच माणसाचे. कोण आहे हा?" त्यांनी नंबर मोठ्यानं वाचला.

भोयर साहेबांचा हात खिशातल्या मोबाइलवर गेला.

"पोरं म्हणाली असतील, साहेबांले इंग्रजी येते," साहेब पुटपुटले. "विश्वासानं लिहिलं."

"विश्वासानंच लिहितात," हसनभाई म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही त्यांनी. माझी गोष्ट त्यांना माहीत नव्हती.

बाहेर पहिल्या बॅचची जमुना बसली होती. धमतरीकडच्या गावातली पोट्टी. तिचा फॉर्म चौदांतला. हसनभाईंनी तिला आत बोलावून घरी फोन लावायला सांगितला. स्पीकरवर.

"दाई, मैं बोलत हौं."

पलीकडून आई एकदम ओरडली, "का होगे?"

"कुछु नइ होय हे दाई. तोर नंबर देखत रेहेन, लगथे के नइ."

"हव, लगथे."

नंबर लागत होता, काम झालं होतं. पण आईनं फोन ठेवला नाही. म्हणाली, "अउ बोल." म्हणजे, अजून बोल.

पोरगी आमच्या सगळ्यांसमोर काय बोलणार! ती तशीच उभी. आई तशीच धरून. मी खिडकीतून तलावाकडं पाहत बसले.

शर्मा सरांनी घड्याळ पाहिलं. "आपका समय हो गया."

हसनभाई उठले. "माझं शिकवणं इथून सुरू होतं," एवढंच म्हणाले, आणि पिशवी घेऊन निघून गेले.

*

तर त्या भांडणाकडे येते.

"प्रेझेंटेशन का कॉलम खाली नहीं रख सकते, अम्माजी," शर्मा सर म्हणाले.

"मावशी, फर्म चांगली हाय," भोयर साहेब समजावू लागले. "नंबरचं म्हणान तं तो एक रकाना आपण ऑफिसात बसून दुरुस्त करून घेऊ. त्याच्यासाठी कन्सल्टंट कायले? मोठं काम पाहा ना! सही करा."

कागद माझ्यापुढं सरकवला. पेनाचं टोपण काढून दिलं.

मी पेन बाजूला ठेवलं. फाइलीतून तो चौदाचा गठ्ठा काढला, जमुनाचा फॉर्म सगळ्यांत वर ठेवला आणि त्यांच्यापुढं सरकवला.

"साहेब, या चौदा पोरांच्या घरी जायचा फोन तुमाले येणार हाय, तो आला तं त्यांच्या आईले काय सांगान, ते आधी मले सांगून पाहा."