रिकामा सोडलेला रकाना

माझे वडील उदगीरला शाळामास्तर. उदगीर जिल्हा होणार यावर त्यांचा इतका विश्वास, की कुठल्याही फॉर्मवर ते जिल्ह्याचा रकाना रिकामा सोडत. "आज लातूर लिहायचं अन् उद्या खोडायचं, कशाला? झाला की लिहू," म्हणायचे. ही खोड मलाही लागली. लातूरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखतीला गेले, तर साहेबांनी त्यांच्याच अ‍ॅपमधला फॉर्म भरायला दिला. मी सवयीनं जिल्हा सोडून पुढे गेले आणि अ‍ॅप जागच्या जागी बंद पडलं. साहेब आधी चमकले, मग हसले. "आमच्या चौघांना हे सापडलं नव्हतं," म्हणाले. अशी मी टेस्टर झाले, वडिलांच्या हट्टाच्या जोरावर.

हे काम भांडकुदळ माणसाला चांगलं मानवतं. लोकांच्या हाती जाण्याआधी अ‍ॅप मोडून बघायचं. चुकीचा नंबर घाला, मध्येच नेट बंद करा, एकच बटण दहादा दाबा. प्रत्येक चाचणीपुढे 'पास' किंवा 'नापास' लिहायचं. शेवटच्या रकान्यात माझा 'पास' पडल्याशिवाय काही बाहेर सोडायचं नाही, हा नियम साहेबांनीच केलेला.

दुष्काळाचं साल होतं. नळाचा भरवसा उरला नव्हता, गल्लोगल्ली टँकर फिरायचे. त्या टँकरसाठीच आम्ही अ‍ॅप बनवलं. टँकर गल्लीत शिरला की फोनवर निरोप येणार, पाच मिनिटांत 'हजर' दाबायचं, दाबलं नाही तर नंबर गेला. ऑफिसात सगळं सुरळीत चाललं. पण ऑफिसात बसून टँकर तपासणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. खरी चाचणी गल्लीत हवी, म्हणून मी माझीच गल्ली सुचवली.

माझ्या खोलीसमोर एक मावशी राहायच्या. शिकवणीला आलेल्या मुलींच्या मेसमध्ये त्या पोळ्या लाटत. मेसच्या वाफेत एक मोबाईल बिघडल्यापासून फोन घरीच ठेवायच्या. सकाळी जाताना रांगेत घागर ठेवायची आणि निघायचं. आमच्या गल्लीत घागर ठेवली म्हणजे माणूस उभं आहे असंच धरत. टँकर आला की मागची बाई ती घागर पुढे सरकवे, भरून घेई. त्यावरून भांडण झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

चाचणीच्या दिवशी मावशींची घागर तिसरी होती. टँकरवाला मोबाईलमध्ये बघून नावं घेत होता. तिसरं नाव आलंच नाही. मागच्या बाईनं घागर पुढे केली, तर म्हणाला, "न्हाई ताई, यादीत नाव न्हाई." चाचणीत मध्ये पडायचं नाही, या नियमापायी मी गप्प उभी राहिले. त्याची आजही लाज वाटते. टँकर रिकामा होऊन गेला. मावशी दुपारी आल्या आणि घागरीत वाकून बघत राहिल्या.

"माझी घागर तर हितंच हाय की गं," एवढंच म्हणाल्या.

माझ्या वाट्याचं पाणी मी त्यांना दिलं आणि तरातरा ऑफिस गाठलं.

आमचा डेव्हलपर पुण्यात वाढलेला, तोटी फिरवली की पाणी येतं अशा श्रद्धेचा. म्हणाला, "अ‍ॅपमध्ये चूक कुठेय? लोकांनी फोन जवळ ठेवायला शिकावं."

"घागरीच्या गळ्यात फोन बांधू का?" मी म्हटलं.

सोमवारी अ‍ॅप सगळ्या शहरासाठी सोडायचं ठरलं होतं. शनिवारी साहेबांनी माझा कागद उचलला. "शेवटचा रकाना रिकामा का?"

"झालं की लिहीन, सर."

नोकरी लागून सहा महिने झाले नव्हते, खोलीचं भाडं त्याच पगारातून जायचं. पण आवाज माझा नव्हता, उदगीरच्या मास्तरांचा होता. साहेबांनी कागद खाली ठेवला. मग डेव्हलपरला म्हणाले, "सोमवार राहू दे. हिच्या गल्लीत जाऊन ये."

तो आला, दोन दिवस रांगेत उभा राहिला, शर्ट भिजवून घेतला. परत जाऊन त्यानं नवं बटण केलं: 'घागर आहे'. मागच्या बाईनं आपल्या फोनवरून ते दाबलं की पुढच्या घागरीचा नंबर शाबूत. मुकाट्यानं केलं, आणि छान केलं.

पुन्हा चाचणी झाली. मावशी मेसवरून परतल्या तेव्हा त्यांची घागर काठोकाठ भरलेली होती, वर कुणीतरी ताटली झाकलेली. मावशींनी ताटली उचलून पाहिलं आणि तिथूनच मला हाक मारली, "भरली गं पोरी!" मी ऑफिसात गेले आणि शेवटच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात 'पास' लिहिलं.

वडिलांचा रकाना अजून रिकामाच आहे.