डाव्या नळीतलं धूसर

"ताई, वीस पट मोठं दिसतं!" दुर्बीण पुढे करत दुकानदार म्हणाला. मला लगेच संशय आला. वीस पट म्हणजे हाताची थरथरही वीस पट. मी दारात येऊन समोरच्या पिंपळावरचा तांबट पक्षी शोधला आणि एकेक डोळा मिटून पाहिलं. उजव्या नळीत त्याचं लाल कपाळ स्वच्छ, डाव्या नळीत धूसर. घरची दुर्बीण याच दोषामुळे बदलायला निघाले होते मी. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. तेच.

"सगळा मालच खराब की हो तुमचा!"

"ताई, जरा दुर्बिणीशिवाय बघा."

वस्तूवर, विकणाऱ्यावर आपण सहज संशय घेतो. बघणाऱ्या डोळ्यावर कोण घेतं? मी चिडून उजवा डोळा हाताने झाकला. डाव्या डोळ्याला पिंपळाचं एकही पान वेगळं दिसत नव्हतं, नुसता हिरवा धूसर डाग.