सासूबाईंचा हिरो

आयुष्यात मी एकदाच गुडघा टेकून कुणापुढे तरी प्रेमाची याचना केली. त्या वेळी मला मिशी होती, कमरेला नवऱ्याची पँट होती, आणि समोर मान वेळावून उभ्या होत्या त्या माझ्या सासूबाई.

आता जुना इंग्रजी सिनेमा उचलून नव्याने केला की त्याला रिमेक म्हणतात, म्हणे. नात परवा फोनवर तसलाच एक बघत होती, एकटीच खिदळत. आम्ही ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या गच्चीवर तेच केलं, तेव्हा त्याला संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा कार्यक्रम म्हणत होतो.

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं. घर म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकघर. नवरा भांडुपला कारखान्यात. सासरे आमच्या लग्नाआधीच गेलेले. सासूबाई स्वयंपाकघरात झोपायच्या आणि आम्ही बाहेरच्या खोलीत. मधे दार नव्हतं, मोठमोठ्या फुलांचा एक पडदा होता. पडद्यापलीकडे त्या नुसत्या खोकल्या तरी आमचं बोलणं बंद. मला वाटायचं, त्या मुद्दाम खोकतात. त्या वयात मला सगळंच मुद्दाम वाटायचं. आमटीत मीठ कमी आहे म्हणाल्या तर मी मोरीत जाऊन रडायचे आणि रडताना आपण कशा दिसतो ते बादलीतल्या पाण्यात बघायचे. एवढी गुणी नटी होते मी!

नवऱ्याच्या एका मित्राची बोरिवलीची खोली रिकामी होणार होती. भाड्याने मिळत होती. जानेवारी संपेपर्यंत थांबतो, म्हणाला होता तो. मला ती खोली हवी होती. इतकी, की तिचे पडदे कसले करायचे तेसुद्धा ठरलं होतं. म्हणजे पडदे करायचेच नाहीत, असं ठरलं होतं. फक्त नवऱ्याने आईला सांगायचं बाकी होतं.

"दिवाळी होऊ दे गं, मग सांगतो."

दिवाळी झाली.

"आता संक्रांत होऊ दे. आई नाटकाच्या गडबडीत आहे."

नाटकाच्या गडबडीत सगळ्याच होतो. आमच्या महिला मंडळाचं नाटक दर वर्षी शाळेत शिकवणाऱ्या एक बाई बसवत. आम्ही त्यांना नुसतं बाईच म्हणायचो. त्या वर्षी बाईंना काहीतरी 'आधुनिक' करायचं होतं. दुसऱ्या मजल्यावर दुबईहून व्हिडिओ आलेला होता. एका दुपारी बाईंनी कुठूनशी एक काळ्यापांढऱ्या इंग्रजी सिनेमाची कॅसेट आणली आणि आम्ही बाराजणी तांदूळ निवडत तो सिनेमा बघितला. इंग्रजी कुणालाच धड कळत नव्हतं, पण गोष्ट कळायला अडचण आली नाही. नवराबायकोचा घटस्फोट झालाय. घरातला भलामोठा पियानो दोघांनाही हवाय. तो दारातून बाहेर निघत नाही, म्हणून दोघं पुन्हा पुन्हा भेटतात, भांडतात, एकमेकांच्या अंगावर उशा फेकतात. शेवटी त्याच पियानोला टेकून तो तिचं चुंबन घेतो आणि सिनेमा संपतो.

"झकास!" बाई म्हणाल्या. "हेच करायचं."

"अहो, घटस्फोट? हळदीकुंकवाला?"

"मग रुसून माहेरी गेली म्हणू."

"आणि पियानो कुठून आणायचा?"

"पेटी चालेल की."

"पेटीसाठी कोण भांडतं हो? आमची कुणी मागितली तर मी पिशवीसकट देईन."

सगळ्याजणी विचार करत बसल्या. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या सासूबाई तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "गॅस."

"काय?"

"गॅससाठी भांडतील."

एकच हशा उठला. तेव्हा गॅसला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. नवरा सोडून जाईल पण सिलिंडर सोडणार नाही, अशा बायका आमच्याच बिल्डिंगमध्ये निदान सहा निघाल्या असत्या. गॅस पक्का झाला. राहिलं चुंबन. त्यावर दोन दुपारी गेल्या. कपाळाला हात लावू दे, कुणी म्हणालं. म्हणजे काय ताप बघतोय? गजरा माळू दे. छे, ते हिंदी सिनेमात रोज आहे. शेवटी असं ठरलं की नवऱ्याने बशीत चहा ओतायचा, फुंकर घालून निववायचा आणि आपल्या हाताने बायकोपुढे धरायचा. हे ऐकून चारपाच जणी अशा लाजल्या की चुंबन ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

मी उंच, आवाजही भरडा, म्हणून हिरो मी. हिरॉईन तळमजल्यावरची एक गोरीपान, नाजूक बाई. आणि सासूबाई प्रॉम्प्टर. सासरे गिरणीत असताना कामगारांच्या नाटकांत कामं करायचे. सासूबाईंना स्टेजवर जायची परवानगी नव्हती, पण चूल फुंकता फुंकता नवऱ्याची वाक्यं पाठ करून घ्यायला बंदी नव्हती. तसं करता करता अख्खी नाटकं त्यांना पाठ झालेली. शिवाय हळदीकुंकवाच्या दिवशी त्या पुढे येऊन बसत नसत. विधवा बाईने बसायचं नसतं, असं कुणी त्यांना तोंडावर म्हणत नव्हतं. म्हणायची वेळच त्या येऊ देत नव्हत्या. पडद्याआड वही घेऊन बसलं की प्रश्न मिटला.

चार दिवस उरले आणि हिरॉईनला कांजिण्या आल्या.

वाट लागली, असं सगळ्यांनी मिळून म्हणून झाल्यावर बाई सासूबाईंकडे वळल्या. "सगळी वाक्यं तुम्हालाच येतात. तुम्हीच उभ्या राहा."

"मी?" सासूबाईंनी पदर सारखा केला. नाही म्हणाल्या नाहीत.

कुणीतरी चाचरत म्हणालं, "पण... कुंकू लावावं लागेल ना. हिरव्या बांगड्या."

मी खाली बघायला लागले. सासूबाई मात्र माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "नाटकातला नवरा जिवंत आहे ना? हा काय, मिशी लावून उभाय समोर."



तालमीत मात्र माझे हाल झाले. घरी ज्यांना मी "आई, तुम्ही जेवता का?" विचारायचे, त्यांना इथे "ए, ऐक ना" म्हणायचं! जीभ वळेना. "तुम्ही रुसलात का?" असं मी म्हणाले की बाई ओरडायच्या, "अगं, तू नवरा आहेस की पोस्टमन?" सासूबाईंना काही अडलं नाही. त्या मला "अहो" म्हणताना अशा काही मुरकायच्या की मीच घाबरून मागे सरकायचे. त्यांना मुरकता येतं हे मला माहीत नव्हतं. त्यांना खोकता येतं एवढंच माहीत होतं.

घरी रोज रात्री जेवताना मी नवऱ्याला ताटाआडून कोपर मारायचे. तो "आई, अगं..." म्हणायचा. त्या वर बघायच्या. मग तो म्हणायचा, "लोणचं दे जरा."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी गच्ची गच्च भरली होती. पुरुषांना मज्जाव होता, म्हणून ते पाण्याच्या टाकीमागे उभे राहून बघत होते. माझा नवरा त्यांत सगळ्यांत पुढे. दोन चादरींचा पडदा. मधोमध रिकामा सिलिंडर, त्याला झेंडूचा हार. सासूबाई हिरवी साडी नेसून, ठसठशीत कुंकू लावून आल्या आणि गच्चीवरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग त्यांनी पहिल्याच वाक्याला सिलिंडरला मिठी मारली, "याला मी तुमच्या आधीपासून ओळखते!" आणि बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. पुढे तासभर मला कुणी बघितलंच नाही. मी मात्र पुरुषासारखं चालायचं म्हणून पाय फाकवून अशी चालत होते, जशी काही पँटीत खेकडा शिरलाय.

शेवटचा प्रवेश आला. मी गुडघा टेकला. "गॅस तुझ्या नावावर करतो. पण घरी चल. माझ्याशिवाय तुला करमेल का?"

यावर त्यांनी म्हणायचं होतं, "गॅस कुणाच्या का नावावर असेना, चहा दोघांचा एकत्र होऊ दे."

त्या म्हणाल्या, "गॅसचं राहू दे हो. आधी सांगा, बोरिवलीच्या खोलीत पाणी किती वाजता येतं?"

नाटकात बोरिवली नव्हतीच.  टाकीमागे काहीतरी धातूचं खण्णकन पडल्याचा आवाज आला. नवऱ्याच्या हातून टाकीचं झाकण निसटलं असणार. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "आई... तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अगंबाई!" सासूबाईंनी गालावर हात ठेवला आणि प्रेक्षकांकडे वळल्या. "बायकोला आई म्हणायला लागले! चार दिवस माहेरी काय गेले, एवढे हाल?"

गच्ची कोसळते की काय, असं वाटलं. मला पुढचं काही आठवेना. सवयीने मी प्रॉम्प्टरच्या जागेकडे बघितलं, तर तिथे कोण असणार? प्रॉम्प्टर माझ्यासमोर उभी. तिनेच ओठ न हलवता सांगितलं, "चहा ओत."

मी बशीत चहा ओतला, फुंकर घालायला वाकले, आणि वाफेने डिंक सुटून मिशी चहात पडली. सासूबाईंनी दोन बोटांनी ती उचलून सिलिंडरवर वाळत घातली आणि चहा पिऊन टाकला. बाईंनी घाईने चादरी ओढल्या.

घरी आल्यावर सासूबाई पाटावर बसून पायांना तेल चोळत होत्या. कपाळावरचं कुंकू तसंच होतं. नवरा दारात, आत यावं की नको अशा बेतात.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

"कोण सांगतला? दिवाळीपासून हा 'आई, अगं' म्हणता आणि लोणचा मागता. माझो झील तो. तेचा फुडचा वाक्य माका कळाचा नाय?" त्या मालवणीत उतरल्या की समजावं, बाजू भक्कम आहे.

आता माझ्यातली गुणी नटी जागी झाली. मी त्यांच्या पायाशी बसले, डोळ्यांत पाणी आणलं. थोडं खरंही होतं त्यात. म्हणाले, "आई, आम्ही नाही जाणार. तुम्हाला एकटं टाकून आम्ही कुठे म्हणजे कुठे जाणार नाही!"

नवऱ्याने चमकून माझ्याकडे बघितलं. बोरिवलीसाठी इतके महिने त्याचं डोकं खाणारी हीच का ती, असा चेहरा.

सासूबाईंचा हात तेलाच्या वाटीत थांबला. "नाय जाणार? का गो?"

"तुम्ही एकट्या..."

"अगं, लग्न करून आले तेव्हा लालबागच्या खोलीत आम्ही नऊ माणसं. मग हा झाला, मग इथे आलो, मग ह्याचे बाबा आजारी, मग तू आलीस. मला एकदा त्या बाहेरच्या खोलीत खिडकीखाली, पंखा फुल्ल करून, आडवं तिडवं झोपायचंय. कधी जाताय ते सांगा. मी ह्याची वाट बघून दमले. शेवटी स्टेजवर विचारावं लागलं."

 लग्न झाल्यापासून मी स्वतःला पडद्याअलीकडची कैदी समजत होते. पलीकडे कुणी आमच्या जाण्याचे दिवस मोजतंय, हे माझ्या नाटकात लिहिलेलंच नव्हतं. आणि खोकल्याबद्दल मी विचारलं, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "मुद्दामच खोकायचे. तुम्ही दोघं बोरिवली बोरिवली करत बसलात की मला झोप लागायची नाही."

जानेवारी संपायच्या आत आम्ही बोरिवलीला गेलो. पाणी पहाटे साडेचारला यायचं, खोली पश्चिमेची, दुपारी भट्टीसारखी तापायची. मी कुणालाही सांगितलं नाही, पण पहिला आठवडा मला झोप लागली नाही. पलीकडून कुणी खोकतच नव्हतं.

पहिल्या रविवारी मी पहाटे उठून खोबऱ्याच्या वड्या केल्या. आई सुकल्या असतील, जेवल्या नसतील, आपल्याला बघून पदर डोळ्यांना लावतील, असं सगळं मी बसमध्ये नवऱ्याला रंगवून सांगितलं. दोन बस बदलून मुलुंडला पोचलो, जिना चढलो, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "त्या होय? भांडुपच्या मंडळाने नेलंय त्यांना. त्यांचंही नाटक बसतंय ना."

आम्ही दोघं वड्यांचा डबा मांडीवर घेऊन जिन्यात बसलो. एक वाजला, दीड वाजला. शेवटी खालून त्यांचा आवाज आला. कुणाला तरी मोठमोठ्याने कसलीशी वाक्यं म्हणून दाखवत वर येत होत्या. वळणावर आम्ही दिसलो तशा थबकल्या. माझ्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि कमरेची किल्ली काढत म्हणाल्या,

"कळवून यायचं ना गो! मला चारला परत तालमीला जायचंय."