कुंदाबाईंच्या फ्रिजमधली बाटली

सुगराबीचा कुणावरच भरवसा नव्हता. दूधवाला दूध घालून वळला की ती बोट बुडवून नखावर थेंब धरायची. फळवाल्यानं खरबूज कापून दाखवलं तरी ती दुसरंच उचलून त्याच्या देठाचा वास घ्यायची. "कापलेलं गोडच असतं, भाऊ. न कापलेलं दाखव." जळगावात मेहरूणच्या रस्त्याला लागून असलेल्या त्यांच्या चाळीत तिला सगळे ओळखून होते, आणि थोडे घाबरूनही.

तिचा नवरा अमीन जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा. एकदा कुणीतरी जळका मिक्सर टाकून गेलं ते परत आलंच नाही. वर्षभर वाट पाहून अमीननं तो दुरुस्त केला आणि घरी आणला. सुगराबीनं आधी त्याची वायर हुंगली, मग आठवडाभर त्याला हात लावला नाही.

शेजारी लीलाधर पाटील राहायचे, डाळ मिलच्या ऑफिसात कामाला. त्यांच्याकडे फ्रिज होता, मिक्सर नव्हता. त्यांची बायको कुंदाबाई शेंगदाण्याची चटणी वाटायला सुगराबीकडे यायची. पहिल्या दिवशी दारातच थांबून तिनं विचारलं, "भाभी, या भांड्यात मटणाचा मसाला वाटला होता का हो?" दुसऱ्या दिवशी बाजारातून सुगराबीनं एक वेगळं भांडं आणलं आणि कुंदाबाईच्या हाती दिलं. "हे तुमचं. तुमच्याच घरी ठेवा." बदल्यात तिच्या वस्तू कुंदाबाईच्या फ्रिजमध्ये राहू लागल्या.

त्या वर्षी रमजान ऐन मे महिन्यात आला. उन्हानं पत्रे तडतडायचे. रोजा सोडायला सुगराबी केळं आणि खरबुजाचं घट्ट शरबत करायची. केळं सालीवर काळे ठिपके आलेलं, पण आतून घट्ट. त्याच्या चकत्या रात्रीच कुंदाबाईच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायच्या, म्हणजे वरून बर्फ घालावा लागत नाही आणि चव पाणचट होत नाही. गोडीला साखर नाही, भिजवलेला खजूर. दूध त्यात कधीच घालून ठेवायचं नाही. खरबुजाबरोबर ते कडवट होतं. दुपारी वीज जायची म्हणून मिक्सर सकाळीच फिरवून ती स्क्वॅशच्या रिकाम्या बाटलीत शरबत भरायची आणि शेजारी नेऊन द्यायची. रोजा असल्यानं चाखून बघता यायचं नाही. नाक आणि डोळे एवढ्यावरच काम.

आणि डोळ्यांना काहीतरी खटकलं. सकाळी गळ्यापर्यंत भरलेली बाटली संध्याकाळी दोन बोटं खाली. वर काळपट थर.

"प्यायलं कुणीतरी," ती अमीनला म्हणाली. "आणि कळू नये म्हणून वरून काहीतरी घालून ढवळलं."

"पाटलांच्या घरात खायला कमी आहे का?"

"कमी असणारे मागून घेतात. चोरतात ते दुसरेच."

दुसऱ्या दिवशी तिनं बाटलीवर काजळाची रेघ ओढली. संध्याकाळी शरबत रेघेच्या खाली. तिच्या मनात आता शंका राहिली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं बुचाभोवती कणकेचा लेप लावला, बिर्याणीच्या पातेल्याला लावतात तसा.

कुंदाबाईनं बाटली हातात घेतली, लेप पाहिला, रेघ पाहिली. तिचा चेहरा उतरला.

"भाभी, हे काय आहे?"

"गळतं ना थोडं."

"गळत नाही. तुम्हाला वाटतं आम्ही पितो." कुंदाबाईचा आवाज चिरकला. "आज घरी जाऊच नका. बसा इथं, फ्रिजसमोर. मीही बसते."

दोघी बसल्या. कुंदाबाई डाळ निवडत होती, सुगराबी तसबीहचे मणी फिरवत होती. एकमेकींकडे कुणी पाहत नव्हतं. आतल्या खोलीतून कुंदाबाईचे सासरे तोताराम आबा दोनदा डोकावून गेले. ते नरडाण्याहून मुलाकडे राहायला आले होते. ऊन उतरल्यावर सुगराबीनं फ्रिज उघडला. लेप जसाच्या तसा. शरबत दोन बोटं खाली, वर तोच काळपट थर.

सुगराबी बाटली उजेडात धरून फिरवत राहिली.

"ताक घुसळल्यावर फेस येतो ना," कुंदाबाई हळूच म्हणाली, "तो बसला की मडकं रिकामं वाटतं. तुमचा मिक्सर हवा भरतो त्यात. केळं हवेला लागलं की काळं पडणारच."

माफी मागणं सुगराबीला जमत नसे. दुसऱ्या दिवशी तिनं फिरवलेलं शरबत पातेल्यात तसंच ठेवलं, फेस बसू दिला, त्यात लिंबू पिळलं, बाटली आपटत आपटत अगदी तोंडापर्यंत भरली आणि बूच घट्ट लावलं. संध्याकाळी रंग सकाळसारखाच होता. त्या दिवशी तिनं पहिला पेला कुंदाबाईच्या घरी पाठवला. कुंदाबाईनं तो ठेवून घेतला, पण धन्यवाद दिले नाहीत.

चारेक दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी बाटली पुन्हा कमी. या वेळी फेस नव्हता. वर काळपट थर नव्हता. चांगला पेलाभर गेला होता.

सुगराबी कुणाला सांगणार? आता तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? पण दुसऱ्या दिवशी दुपारी चकत्या ठेवण्याच्या निमित्तानं ती लवकरच गेली. कुंदाबाई नळावर होती. फ्रिजचं दार उघडं, आणि समोर स्टीलचा पेला हातात घेऊन तोताराम आबा उभे. मिशीला केळं लागलेलं.

"पोरी, कुंदाले सांगजो नको," ते पुटपुटले. "डाक्तरनी बठ्ठं गोड बंद करी टाकं शे. तुम्ही दोन्ही फ्रिजपुढे बसन्यात, तव्हाच माले समजनं, आत काहीतरी भारी शे."

सुगराबीला हसू फुटेना, रागही येईना. तिचं खरं ठरलं होतं आणि ते सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती एक वेगळा पेला आणू लागली. फक्त खरबूज, घट्ट दही आणि किंचित जिरं. केळं नाही, खजूर नाही. "आबांसाठी."

आता संशय कुंदाबाईला आला. या बाईला अचानक सासऱ्यांचा एवढा पुळका कशासाठी? तिनं पेला हुंगला, चमचाभर चाखला, मगच आबांना दिला. दोन दिवस तिनं आबांवर नजर ठेवली आणि तिसऱ्या दिवशी त्यांना फ्रिजपाशीच पकडलं. तशीच ती सुगराबीच्या दारात आली.

"तुम्हाला माहीत होतं!"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"एकदा कणकेचा लेप लावून बोलले होते," सुगराबी म्हणाली. "तेवढं पुरे झालं."

कुंदाबाई उंबऱ्यावर बसली. पदर तोंडाला लावून आधी रडली की हसली, ते सुगराबीला कळलं नाही. मग तिनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. फ्रिजला कुलूप होतं, ते तिनं कधी वापरलंच नव्हतं. एक किल्ली काढून तिनं सुगराबीच्या हातावर ठेवली. "दुसरी माझ्याकडे. आबांची साखर वाढली, तर दोघींनाही जाब द्यावा लागेल."

ईदपर्यंत आणि ईदनंतरही तसंच चाललं. आबांना त्यांचा पेला रोज मिळायचा. ते खाटेवर बसून तो प्यायचे, दोघींकडे आळीपाळीनं बघायचे आणि मान हलवायचे.

"यामा काही गोड नही. तुम्ही दोन्ही मिळीसनी माले फसाडतीस."

पेला मात्र चाटूनपुसून साफ व्हायचा.