उघड्या तळहाताचा नियम

माझी थोरली जाऊ एकोणपन्नास वर्षांची आहे. हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी प्रेस करते आणि संध्याकाळी टेबल टेनिस खेळते. चाळिशीपुढच्या बायकांच्या शहराच्या संघात एकदा तरी खेळायचं, एवढा एकच हट्ट तिने आयुष्यात धरला. बाकी सासू, दीर, पोरं, सगळ्यांचे हट्ट ती पुरवत आली.

चार वर्षांपूर्वी वाफेच्या प्रेसमध्ये तिचा डावा हात सापडला. जखम भरली, पण बोटं आत वळली ती वळलीच. मूठ उघडत नाही. त्या मुठीने ती चादरीचं टोक दाबून धरते आणि दोन हातवाल्यांच्या आधी घडी घालून मोकळी होते. पण टेबल टेनिसचा नियम आहे की, सर्व्हिस करताना चेंडू उघड्या तळहातावर ठेवून वर उडवायचा. आता उघडा तळहात आणायचा कुठून?

अपघातानंतर क्लबातल्या बायका म्हणाल्या, "तू कशाला त्रास घेतेस? सर्व्हिस आम्ही करतो, तू फक्त परतव." मग काय, ती रोज नुसतं परतवतच राहिली. आता काहीही मारा, परत येतं. क्लबात तिला 'भिंत' म्हणतात.

यंदा ती निवड सामन्यांच्या शेवटच्या फेरीत पोचली. जिंकेल ती संघात. आधीच्या फेऱ्यांत ती मुठीवरच्या खळगीत चेंडू ठेवून उडवायची, कोणी चकार शब्द काढला नाही. शेवटच्या सामन्यातही पहिला गेम हिने घेतला, दुसरा समोरचीने. समोरची शाळेत चित्रकला शिकवणारी एक बाई, स्वभावाने गरीब. पण तिचा प्रशिक्षक! तिसऱ्या, शेवटच्या गेमच्या आधी तो पंचाकडे गेला. म्हणे, बंद मुठीतून चेंडू उडवला की फिरकी देता येते, आमच्या खेळाडूवर अन्याय होतो.

खोटं कशाला बोलू, धडधाकट बोटांच्या माणसाला ती लबाडी करता येते. नियम त्यासाठीच असणार. पण हिची बोटं साधी शर्टाची गुंडी लावत नाहीत हो!

पंचाने विचारलं, "प्रमाणपत्र आहे?"

होतं. क्रीडा कार्यालयाच्या, फक्त गुरुवारी अकरा ते एक भेटणाऱ्या डॉक्टरांचं. त्यासाठी मी दोनदा रजा टाकली होती. पंचाने ते उजेडात धरून पाहिलं.

"याची मुदत अकरा दिवसांपूर्वी संपली."

"म्हणजे अकरा दिवसांत मूठ उघडली का?" मी ओरडले.

"ताई, प्रेक्षकांनी बोलायचं नाही. मुदत संपलेलं प्रमाणपत्र मला ग्राह्य धरता येत नाही. मुठीतून सर्व्हिस केली की फॉल्ट."

मी कपाळावर हात मारून घेतला. जाऊबाई मात्र शांत. "द्या फॉल्ट," म्हणाली, "मी खेळते."

आता गंमत ऐका. दोघींनी आळीपाळीने दोन-दोन सर्व्हिस करायच्या. हिची प्रत्येक सर्व्हिस फॉल्ट, म्हणजे समोरचीला फुकटचा गुण. समोरचीच्या सर्व्हिसवर मात्र ही भिंत! पहिली पाळी समोरचीची, म्हणून आधी हिचे दोन-शून्य, मग दोन-दोन. चार-दोन, चार-चार. फुकटचे गुण घेताना त्या चित्रकलेच्या बाईचा चेहरा एवढासा होई, आणि पुढची सर्व्हिस ती स्वतःच जाळ्यात मारी. असं करत दहा-दहा झाले. तिथून पुढे एकेक सर्व्हिस, आणि दोन गुणांची आघाडी घेईल ती जिंकणार. अकरा-दहा, अकरा-अकरा. बारा-अकरा, बारा-बारा. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिला जिंकता येणारच नव्हतं, आणि ही हरायलाही तयार नव्हती!

चौदा-चौदा झाले तोवर बाकीची टेबलं मोकळी झाली होती. प्रशिक्षक घड्याळ बघत होता. पंच वाकून जाऊबाईला म्हणाला, "बाई, सोडून द्या ना आता. कशाला जिवाला त्रास?"

"त्रास तुम्हाला होतोय," ती म्हणाली. पुढचा गुणही तिनेच घेतला. पंधरा-चौदा. सर्व्हिस तिची.

पंच मेटाकुटीला आला होता. त्याने मुख्य पंचांना बोलावलं. ते डबा खाता खाता उठून आले. ऐकून घेतलं, नियमांचं पुस्तक मागितलं, पान उलटलं आणि म्हणाले, "अहो, हे काय लिहिलंय इथे? शारीरिक अडचण असेल तर पंच स्वतः सूट देऊ शकतो. डोळ्यांना दिसतंय ना? प्रमाणपत्र कशाला हवं होतं?"

हद्द झाली! माझ्या दोन रजा, तिचे पाच-सहा गुरुवार, आणि उत्तर पुढच्या पानावर! मी काहीतरी वाईट बोलले, ते इथे लिहीत नाही.

मुख्य पंचांनी फक्त एवढंच सांगितलं, की चेंडू समोरचीला सतत दिसला पाहिजे. प्रशिक्षकाने मान डोलावली. जाऊबाईने मूठ पुढे धरली, चेंडू उडवला, सर्व्हिस केली. टेबलावर पडली. फॉल्ट नाही! हा एक गुण, की संघात.

समोरची आता मोकळ्या मनाने खेळली. लांबलचक रॅली झाली आणि जाऊबाईचा फटका बाहेर गेला. पंधरा-पंधरा. समोरचीच्या पुढच्या सर्व्हिसवर ही पहिल्यांदा चुकली. मग स्वतःची सर्व्हिस तिने जाळ्यात मारली. सतरा-पंधरा. संपलं.

मला रडू आवरेना. मी तिला बाजूला ओढलं. "अगं ताई, ते मेले तसेच फॉल्ट देत बसले असते तर तू हरली नसतीस गं!"

"जिंकलेही नसते," ती म्हणाली. घामाने निथळत होती. "तू ओरडू नकोस. शेवटची सर्व्हिस जाळ्यात कोणी मारली?"

"तू."

"मीच ना? मग बास."

असं म्हणून ती समोरचीशी हात मिळवायला गेली, आणि तिने तो वळलेला डावा हातही पुढे केला.