बाहरला बसायचं कोणी?

जगात विश्वास ठेवण्याजोगे काहीही नाही, या एका गोष्टीवर आमच्या साडूभाऊंइतका गाढ विश्वास असलेला माणूस भोकरदन तालुक्यात दुसरा नसेल. राजूरच्या गणपतीला वाहायच्या नारळावरही ते नखाने खूण करतात. तोच नारळ संध्याकाळी पुन्हा दुकानात आला तर ओळखता यावा म्हणून. एसटी कुठे जाणार हे वाहकाला आणि चालकाला वेगवेगळे गाठून विचारतात व दोघांचे जबाब जुळले तरच चढतात. संशयाचा फायदा आरोपीला, हे न्यायतत्त्व मी त्यांना वारंवार समजावले. त्यांच्या मते तो फायदा संशय घेणाऱ्याचा.

मेहुणी गेल्यापासून पिठाच्या गिरणीच्या ओसरीवर दुपारी जमणारा आमचा पत्त्यांचा अड्डा हाच त्यांचा गोतावळा. खेळ अंदर-बाहरचा. मधोमध एक पान उघडायचे, मग एक पान अंदर, एक बाहर असे वाटत जायचे. उघड्या पानाची जोड ज्या बाजूला पडेल, ती बाजू जिंकली. पैसे लावण्यास मी जुगारबंदीच्या कायद्यान्वये लेखी हरकत घेतल्याने आम्ही चिंचोके लावतो. साडूभाऊ नेहमी बाहर धरत आणि अंमळ जास्तच हरत. साहजिकच त्यांनी आधी पत्त्यांवर, मग गिरणीवाल्यावर आणि शेवटी चक्क माझ्यावर संशय घेतला. मग नवा कॅट आणून पावसाळाभर घरी एकटेच डाव मांडत बसले.

"पहिलं पान कुठं पडतं? अंदरला," ओसरीवर त्यांनी निकाल दिला. "तिथंच जोड लागली तर बाहरला पाळीच न्हाई. दक्षिणेकडून खेळ आला म्हणतात, तवापासून बाहरवाल्याला फसवून राह्यलेत. गोव्यातले कॅसिनोवाले पहिल्या पानाची बाजू जिंकली तर पुरा रुपया देत न्हाईत. ते काय येडे हायेत?"

मी हिशेब तपासला. त्यात दोष सापडला नाही, याचा मला फार संताप आला.

"बराबर हाय, दादा," गिरणीवाला म्हणाला. "मंग आता बाहरला बसायचं कोणी?"

कोणीच बसेना. आठवडाभरात ओसरी ओस पडली. साडूभाऊ खटला जिंकले आणि सोबती घालवून बसले.

परवा ओसरीवर गेलो, तर ते एकटेच पाने पिसत होते. मी समोर बसलो आणि चिंचोके बाहरला ठेवले.

"साडूभाऊ, सिद्ध झालंय ना? जाणूनबुजून हरायला आलात व्हय?" त्यांनी मला विचारले.

"आपल्या सिद्धतेवर माझा विश्वास नाही," मी म्हणालो.

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे संशयाने पाहिले. दोनदा पाने कापायला लावली.

"एका डावानं न्हाई कळायचं," शेवटी ते म्हणाले. "रोज यावं लागंल."

आणि सरकून त्यांनी आपल्या खालचे अर्धे गोणपाट मला बसायला दिले.