शंभराच्या गोष्टीला चौदा दाते

माझी एक गोष्ट आहे. तशा माझ्याकडे गोष्टी पुष्कळ आहेत, पण ही घरातल्या चांदीच्या ताटासारखी. पाहुणे आले की निघते. लग्न ठरलं होतं आणि व्हायचं होतं, त्या मधल्या गोड दिवसांत मी वडिलांच्या शंभर सीसीच्या टू-स्ट्रोक मोटारसायकलवर होणाऱ्या बायकोला मागे बसवलं आणि जुन्या मुंबई रस्त्यावर ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठला. ही गोष्ट सांगताना मी खुर्चीवर उलटा बसतो, दोन्ही हात पुढे धरतो आणि गाडीचा आवाज तोंडाने काढतो. ज्यांनी टू-स्ट्रोक ऐकलेली आहे ते म्हणतात, आवाज अस्सल आहे.

साक्षीदार एकच, बायको. तिला कुणी विचारलं की ती म्हणते, "मी डोळे मिटले होते." इतक्या वर्षांत तिने या वाक्यात एका शब्दाची भर घातली नाही.

गोष्ट उत्तम चालली होती. रविवारी सकाळी टेकडीवरून उतरलो की आम्ही पाच-सहा जण कोथरूडच्या एका अमृततुल्यात बसतो. तिथे एक नवा माणूस यायला लागला. मूळचा अमरावतीकडचा, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर, वयाने माझ्याएवढाच. त्याने माझी गोष्ट शेवटपर्यंत ऐकली, चहा संपवला आणि म्हणाला, "गोष्ट लय भारी हाय भाऊ. पण शंभर सीसीची गाडी, दोन माणसं, अन् शंभराचा वेग? त्या दिवशी हवा रजेवर होती का?"

सगळे हसले. माझ्या गोष्टीला लोक नेहमीच हसतात, पण ते मी ठरवलेल्या जागी. हे हसू भलत्याच जागी आलं. गोष्टी सांगणाऱ्या माणसाला असं एक हसू पुरतं. त्यानंतर त्याने खरोखर बिबट्या पाहिला तरी लोक म्हणतात, मांजर असेल. त्या रविवारी मी दुसरा कप घेतला नाही.

पुढच्या रविवारी तोच माणूस बातमी घेऊन आला. सोलापूर रस्त्याच्या बाजूला एक खासगी धावपट्टी आहे. तिथे काही हौशी मंडळी दर हिवाळ्यात जमतात. शर्यत अशी नाही. एकेकाने सरळ पट्टीवर गाडी पळवायची, शेवटच्या टप्प्यात दोन प्रकाशकिरणं ओलांडायची, आणि यंत्र तुमचा वेग सांगणार.

"नाव देऊन टाकलं," तो म्हणाला.

"कुणाचं?"

"तुमचंच ना भाऊ! गाडी हाय ना अजून? एकट्यानं शंभर काढून दाखवा, दोघांचंही मी मानतो. मंग तुमच्या गोष्टीले कोणी काही बोललं तर मी भांडतो. बाकी सगळी मदत माझी. गणित माझं, वजन तुमचं."

गाडी होती. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, झाकणाखाली, दर दिवाळीला पुसून सुरू केलेली. तिचं इंजिन मी ओळखीच्या गॅरेजात उघडून नवं पिस्टन घालून आणलं, आणि मग आम्ही दोघे तिला हलकं करायच्या कामाला लागलो. आरसे गेले, कॅरिअर गेलं, लेगगार्ड गेलं. हॉर्न काढण्याआधी मी तो एकदा शेवटचा वाजवून घेतला. पुण्यात हॉर्नशिवाय गाडी म्हणजे जिभेशिवाय सासू. साडीगार्डचे स्क्रू सोडवत होतो तेव्हा बायको खाली आली.

"ते माझ्यासाठी बसवलं होतं ना?"

"वजन कमी करतोय."

तिने माझ्या पोटाकडे पाहिलं. "सुरुवात चुकीच्या टोकाने केलीत," म्हणाली आणि वर गेली.

हँडल खाली घेतलं, कारण वेगात रायडरने टाकीवर आडवं पडायचं असतं. हनुवटी टाकीला, कोपरं आत, पाठ सपाट. मी या आसनाचा सराव घरात इस्त्रीच्या टेबलावर केला. समोर उभा पंखा पूर्ण वेगात, डोक्यावर हेल्मेट. अडचण एकच होती: हनुवटी टाकीला टेकायची तर मधल्या मजल्याने जागा द्यायला हवी, आणि तो देत नव्हता. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी दारातच थबकल्या. "वहिनी, साहेबांना फिट आली का?"

"नाही हो मावशी," बायको आतून म्हणाली, "जुनंच आहे, आता बाहेर आलंय."

मग आला गिअरिंगचा प्रश्न, आणि इथे माझा हा अमरावतीकडचा नवा मित्र खुलला. मोटारसायकलच्या चेनला दोन दातेरी चक्रं असतात. इंजिनाजवळचं लहान, मागच्या चाकाचं मोठं. गॅरेजमध्ये त्यांना स्प्रॉकेट म्हणतात. पुढच्या स्प्रॉकेटचे दाते वाढवले की इंजिनाच्या एका फेरीत मागचं चाक जास्त फिरतं, म्हणजे वेग जास्त. मूळचं होतं चौदा दात्यांचं. मित्राने लॅपटॉपवर भलामोठा तक्ता बांधला. त्यात टायरचा घेर, इंजिनाच्या फेऱ्या, सगळं होतं. उत्तर आलं सोळा. सोळा दात्यांचं चक्र आम्ही भोसरीच्या एका वर्कशॉपमधून करून आणलं आणि बसवलं. ते इतकं सुंदर होतं की बसवण्याआधी मी ते एक संध्याकाळ दिवाणखान्यात ठेवलं होतं.

आता चाचणी. सार्वजनिक रस्त्यावर असला वेग गाठायचा नाही हे आमचं ठरलेलं होतं. जबाबदार माणसं आम्ही. मित्र म्हणाला, "रस्ता कायले पायजे? गाडी स्टँडवर लावू, मागचं चाक हवेत." त्याने सायकलचं स्पीडोमीटर आणलं, चुंबक मागच्या चाकाच्या तारेला बांधलं, डबी शॉकअपला. मी पार्किंगमध्ये स्टँडवरच्या गाडीवर बसलो, वाकलो आणि गिअर टाकत गेलो. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मित्र डबीवर वाकून ओरडत होता, "नव्वद! एकशे दहा! एकशे अठ्ठावीस भाऊ, एकशे अठ्ठावीस!"

निळ्या धुरातून पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत सोसायटीचे चेअरमन प्रकट झाले. "अहो, जायचं असेल तर जा ना एकदाचे! एवढ्या वेगात इथेच काय उभे आहात?"

आम्ही दोघांनी एकमेकांना टाळी दिली. एकशे अठ्ठावीस! मी त्या रात्री गोष्टीचा नवा शेवटही ठरवून टाकला.

धावपट्टीवर थंडी होती, वारा होता आणि माझ्यापेक्षा निम्म्या वयाची, निम्म्या रुंदीची मुलं होती. चामड्याचा सूट मित्राने ऑफिसमधल्या कुणाकडून तरी मागून आणला होता. तो कुणीतरी उंच आणि किडकिडीत असावा. चेन ओढायला मित्र आणि बायको असे दोघे लागले. "आता श्वास सोडू नका म्हणजे झालं," मित्र म्हणाला.

गाड्या तपासणाऱ्या मुलीने माझ्या मनगटाला एक दोरी बांधली. तिचं दुसरं टोक इंजिन बंद करायच्या खटक्याला. रायडर पडला तर दोरी ओढली जाते आणि गाडी आपोआप बंद पडते. छान कल्पना आहे. झेंडा पडला, मी सुटलो, आणि प्रेक्षकांत बायको दिसली म्हणून हात उंच करून तिला अभिवादन केलं.

गाडी बंद पडली.

मुलगी धावत आली. "काका, काय झालं?"

"काही नाही. नाटकात नांदीनंतर थोडं थांबतात."

दुसऱ्यांदा मी शहाण्यासारखा सुटलो. पहिला गिअर लांबलचक, दुसरा ठीक, तिसऱ्यात गाडी गाऊ लागली. मी चौथा टाकला, आणि कुणीतरी अंगावर ओली गादी टाकावी तसं झालं. इंजिनाचा सूर खाली खाली आला. मी टाकीवर आणखी चपटा झालो, मनातल्या मनात ढकललं, देवाचं नाव घेतलं. किरणं ओलांडली.

लाउडस्पीकर म्हणाला, "चौऱ्याऐंशी."

मित्राने लॅपटॉप उघडला, मिटला, पुन्हा उघडला. "हवा जास्त हाय," तो पुटपुटला.

"आज रजेवर नाही वाटतं?" मी म्हणालो. बोललो खरं, पण आतून पार बसलो होतो. चौऱ्याऐंशी म्हणजे रविवारी अमृततुल्यात मान खाली. चौऱ्याऐंशी म्हणजे यापुढे माझी प्रत्येक गोष्ट सोळा टक्के कापून घेतली जाणार. आणखी एक फेरी मिळणार होती, एकच.

मी गाडीशेजारी मांडी घालून बसलो. म्हणजे सूटने जेवढी घालू दिली तेवढी. तो खाली खाली येणारा सूर माझ्या कानात होता, आणि तो ओळखीचा होता. आवाज ही माझी जन्माची कमाई आहे. मी तो तोंडाने काढून पाहिला. मग उठून उभा राहिलो.

"अरे, हा तर कात्रजचा घाट!"

"कुठं घाट? टेबलासारखं सपाट हाय."

"घाटात मागे कुणी असताना चौथ्या गिअरवर हट्ट केला की गाडी अशीच कण्हायची. तिसरा टाकला की पुन्हा गायची. समोरचा वारा म्हणजे घाटच आहे रे! आपण पार्किंगमध्ये चाचणी घेतली तेव्हा वारा नव्हता, वजन नव्हतं, चाक जमिनीला टेकलंसुद्धा नव्हतं. सोळा दाते ओढायची ताकद या इंजिनात नाहीच."

बायकोने थर्मासमधून चहा ओतला. "म्हणजे तुम्ही दोघांनी परीक्षेला न बसता पेपर तपासलात."

मित्राने तक्त्यात वाऱ्यासाठी रकाना शोधला. रकाना नव्हता. तो हळूच म्हणाला, "चौदाचं पेटीत हाय. पण चौदा म्हणजे कंपनीचंच! मग मी दोन महिने काय करून राह्यलो?"

"आमची करमणूक," बायको म्हणाली.

आम्ही तिथेच चेन उतरवली. हात काळे, सूटच्या शिवणी कुरकुरताहेत, अशा थाटात सोळा काढलं, चौदा बसवलं, मागचं चाक जरा मागे ओढून चेनचा ढिलेपणा काढला. पुन्हा झेंडा पडला. या वेळी मी कुणालाही हात केला नाही. तिसरा गिअर गायला, चौथा टाकला, आणि चौथाही गायला. पट्टीच्या बाजूचं गवत पिवळ्या रेघेसारखं झालं. वारा हेल्मेटखालून शिरून गालफडं हलवत होता. किरणं कधी ओलांडली ते कळलंच नाही.

"एकशे एक पूर्णांक तीन," लाउडस्पीकर म्हणाला.

मी सुटकेचा श्वास सोडला. सूटची चेन तुटली.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम जरा उशिरा गेलो. नायकाने सगळे जमल्यावर प्रवेश करायचा असतो. अमृततुल्याच्या दारातून मला दिसलं की कुणीतरी खुर्चीवर उलटं बसलं आहे आणि दोन्ही हात पुढे धरले आहेत.

"...चौथा गिअर टाकला अन् गाडी बसली ना भाऊ! सगळे म्हणे आता काही खरं नाही. म्या डोळे मिटले, आवाज ऐकला, अन् म्हटलं, थांबा! हा वारा नाही, हा घाट हाय! काढा सोळा, टाका चौदा!" मग त्याने तोंडाने टू-स्ट्रोकचा आवाज काढला. भिकार होता. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. "एकशे आठ! सरळ एकशे आठ!"

"एकशे एक पूर्णांक तीन," मी दारातून म्हणालो.

"या भाऊ, बसा," तो प्रेमाने म्हणाला आणि पुढे सांगू लागला.

त्याच्या पुढच्या रविवारी एकशे पंधरा झाले. मी म्हणालो, माझ्याकडे कागद आहे, त्यावर शिक्का आहे. मंडळीतले सर्वांत जुने काका, ज्यांनी माझी गोष्ट निदान चाळीस वेळा ऐकली असेल, माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो, जरा ऐकू द्या की. रंगात आलाय तो." जन्मात पहिल्यांदा मी खरा आकडा घेऊन बसलो होतो, आणि मला कुणी बोलू देत नव्हतं.

कालच्या रविवारी एक नवे गृहस्थ आले होते. बिबवेवाडीहून कोथरूडला नुकतेच राहायला आलेले. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं, एकशे वीसला मान डोलावली आणि मग माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आणि हे तेव्हा कुठे होते?"

मित्राने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याला खरंच जरा आठवावं लागलं.

"हे? हे बसले होते ना गाडीवर."